आजोबांची बंदूक कोणाच्या हाती द्यावी : ग्वाल्हेरात गनस्मिथ निवडताना

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत बंदूक आली तर बहुधा वारशानेच येते. लष्कर भागात सरदार-चिटणिसांच्या नावाच्या गोठी अजून आहेत. गोठ म्हणजे त्या सरदाराची वस्ती. तिथल्या एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांची दुनळी, नाहीतर ३१५ बोअरची रायफल, कपाटात वर्षानुवर्षं पडून असते. आजोबा जातात, कागद नातवाच्या नावावर होतात आणि मग लक्षात येतं की चाप अडकतोय, दस्त्याला तडा गेलाय, नळीत गंज दिसतोय. हे दाखवायचं कोणाला? गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला. पण महाराज बाड्याच्या चौकात चार जणांना विचारलं तर पाच नावं कळतात. त्यांतलं भरवशाचं कोणतं, हे कसं पारखायचं तेवढं इथे लिहितो.

आधी नव्या रायफलीचा विषय उरकून घेऊ. इंग्लंडात हौशी माणूस गनस्मिथकडे जाऊन मापं देतो आणि स्वतःच्या खांद्याला बसेल अशी शिकारी रायफल घडवून घेतो. इथल्या तरुण पोरांनाही ते पाहून हुरूप येतो. पण माधवराव शिंदे महाराजांच्या काळातलं शिवपुरीचं शिकारीचं जंगल आता राष्ट्रीय उद्यान आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं या सगळ्याला परवाना लागतो, आणि ज्याच्या परवान्यात फक्त दुरुस्ती आहे तो तुम्हाला नवी रायफल घडवून देऊ शकत नाही. चोरट्या बंदुकांसाठी बदनाम भिंड-मुरैना हाकेच्या अंतरावर असल्याने "आप बस नाप दे दो, बन जाएगी" म्हणणाराही कधी भेटतो. तिथे चहासुद्धा न घेता उठायचं. ज्याला खरंच नवी हवी त्याने ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ परवानाधारक डीलरकडून घ्यावी.

म्हणजे आपल्यासारख्यांसाठी गनस्मिथचं काम हेच : जुनी बंदूक नीट करणं, सुरक्षित करणं, आणि जमलं तर आजोबांच्या मापाची बंदूक नातवाच्या खांद्याला बसवून देणं. यातही कारागीर चुकीचा निघाला तर जे नुकसान होतं ते भरून येत नाही.

दुकानात जाण्याआधी कागद

परवानाधारक वारल्यावर शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं, पावती घ्यायची आणि वारसाने आपल्या नावे अर्ज करायचा. आजोबा हयात असतील तरी मार्ग आहे : २०१६ च्या शस्त्र नियमांत, परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, की वारसाच्या नावे परवाना मागता येतो. आणखी एक गोष्ट मोठ्या घरांनी ध्यानात ठेवावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, आधी तीन चालत. वारशाने आलेल्यांनाही हीच मर्यादा. ज्यांच्याकडे अजून तीन-चार आहेत त्यांनी गनस्मिथ शोधण्याआधी तो गुंता सोडवावा.

मग परवान्यावरचा नंबर आणि बंदुकीवरचा नंबर अक्षरन् अक्षर ताडून पाहा. जुन्या इंग्रजी दुनळीवर आकडे बरेच असतात : बनवणाऱ्याचा अनुक्रमांक, बोअरचा म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा आकडा, प्रूफ हाउसचे (नळी दाब सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचे) शिक्के. पूर्वीच्या एखाद्या कारकुनाने यांतला भलताच आकडा उतरवून घेतलेला असू शकतो. तसं असेल तर आधी कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. चांगला गनस्मिथ न जुळणारा नंबर आपल्या रजिस्टरात लिहीत नाही, आणि जो लिहितो त्याच्याकडे बंदूक ठेवण्यात अर्थ नाही.

भिंतीवरच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निराळी. जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोलाचं किंवा मोडकं शस्त्र दुरुस्त करूनही चालण्यासारखं नसेल, तर कलम ४५ मध्ये त्याला सूट आहे. हौसेने ते "चालू" करून घेतलंत तर सूट गेली आणि बिनपरवाना शस्त्र गळ्यात पडलं. ते पुसून, तेल लावून भिंतीवरच राहू द्या. आणि घरात ३०३ निघाली तर ते प्रतिबंधित बोअर आहे. तिथे साधा परवाना पुरत नाही, आधी वकील गाठा.

घरी करण्यासारखी तपासणी

डॉक्टरकडे जाताना दुखतं कुठे हे निदान सांगता यायला हवं, तसंच हे. बंदूक रिकामी आहे हे दोनदा पाहा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

दुनळी असेल तर पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या करा. खालचा हूक बोटावर अडकवून नळ्या लोंबत ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या पेराने हलकेच टकटक करा. लांब, स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्ट्या शाबूत आहेत. बद्द किंवा खरखरीत आवाज आला तर झाळ, म्हणजे पट्ट्या जोडणारा डाग, कुठेतरी सुटली आहे. मग नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून पाहा. उजेडाची वर्तुळं एकात एक दिसायला हवीत. एखादं वर्तुळ चेपलेलं दिसलं तर बाहेरून पोचा पडला आहे. काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. पोचा चांगला कारागीर उठवू शकतो. खड्डे घासून काढले तर नळीची भिंत पातळ होते, आणि भिंत ०.०२० इंचाच्या, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली की बहुतेक जाणकार त्या नळीला हात लावत नाहीत.

आता पुढचं लाकूड न लावता नळ्या जोडून बंदूक बंद करा आणि कानाजवळ धरून हलवा. खडखड झाली किंवा नळीच्या मागच्या तोंडाशी उजेडाची फट दिसली, तर सांधा सैल झालाय.

सगळ्यांत महत्त्वाचं नळीच्या खालच्या बाजूला कोरलेलं असतं. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के तिथे असतात. "नायट्रो प्रूफ" असं कोरलेलं असेल तर ती नळी धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. ते नसेल, आणि नळीवर पीळ घातल्यासारखी नक्षी असेल, तर ती दमास्कस नळी जुन्या काळ्या दारूची समजावी. तिच्यात आजचं काडतूस घालायचं नाही. चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबीही पाहा. जुन्या इंग्रजी बारा बोअरचं चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं, आणि आज पुष्कळ काडतुसं ७० ची मिळतात. घोळ असा की ७० चं काडतूस त्या चेंबरमध्ये अगदी आरामात बसतं, कारण ७० हे माप गोळी सुटल्यानंतर उघडलेल्या खोक्याचं असतं. बार उडाला की दुमडलेलं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. "बसतंय की" म्हणून झाडणारे याच सापळ्यात अडकतात.

रायफलीत घरच्या घरी एवढंच पाहायचं : नळीचं पुढचं तोंड ठेचलेलं आहे का, आणि बोल्टवरचा नंबर रायफलीवरच्या नंबराशी जुळतो का. ईशापूरची ३१५ ली-एनफिल्डच्या यंत्रावर बेतलेली आहे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट तिच्यात सरकतो, पण काडतुसामागची जागा म्हणजे हेडस्पेस बिघडू शकते.

माणूस शोधायचा कुठे

लष्कर भागातल्या आर्म्स डीलरांपासून सुरुवात करा, पण एक फरक ओळखून. प्रत्येक डीलरच्या परवान्यात दुरुस्ती असतेच असं नाही. काहींकडे फक्त विक्री आणि शस्त्रं जमा ठेवण्याची मुभा असते. मग तो तुमची बंदूक "आमच्या मिस्त्रीकडे" पाठवतो. तो मिस्त्री कोण, कुठे बसतो आणि त्याचा परवाना कोणता, हे सरळ विचारा. यात संकोच कसला? उत्तर देताना माणूस आखडला तर तेवढ्यावरच निर्णय घ्यायला हरकत नाही.

दुसरा झरा निवृत्त आर्मररचा, म्हणजे फौजेत शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याचा. मुरारला छावणी आहे, टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे, त्यामुळे या भागात फौजेतून निवृत्त झालेला, हाताला चांगलं वळण असलेला माणूस भेटणं नवल नाही. सल्ला घ्यायला तो उत्तम. पण परवाना नसताना तो तुमची बंदूक घरी नेऊन उघडू लागला तर दोघेही अडचणीत याल. शिवाय फौजेच्या रायफलीवर बसलेला हात १९२०-३० मधल्या इंग्रजी दुनळीच्या साइडलॉकवर (बाजूच्या पट्टीवर बसवलेल्या चाप-घोड्याच्या यंत्रावर) बसेलच असं नाही.

जुन्या घराण्यांतल्या मंडळींना विचारताना "कोण चांगला?" असं विचारू नका, प्रत्येक जण आपलाच सांगतो. "तुमची बंदूक त्याच्याकडून आल्याला किती वर्षं झाली, आणि आता दाखवाल का?" असं विचारा. काम जुनं झालं की खरं दिसतं.

दुकानात काय पाहायचं

पहिल्या भेटीला बंदूक नेऊ नका. नुसते जा, बसा, बघा.

माझी पहिली कसोटी स्क्रूची. चांगल्या इंग्रजी बंदुकीवर प्रत्येक स्क्रूची खाच नळीच्या रेषेत उभी असते, आणि ती इतकी बारीक असते की बाजारातला पेचकस तिच्यात मावत नाही. जाणता कारागीर प्रत्येक खाचेसाठी पेचकसाचं टोक घासून तयार करतो. त्याच्या बाकावर वेगवेगळ्या जाडीचे असे पाच-सात पेचकस दिसतात. दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्याच्या बंदुकीवर स्क्रूची डोकी चुरगळलेली दिसली तर विचारा, आधीचं आहे की इथलं? व्हाइसच्या (वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्याच्या) जबड्यांना चामडं किंवा शिसं लावलेलं आहे का, तेही बघा. शस्त्रं कुलपात आहेत का, प्रत्येकाला चिठ्ठी आहे का, रजिस्टर समोर आहे का. कोपऱ्यात बिनचिठ्ठीच्या चार बंदुका टेकवून ठेवलेल्या दिसल्या तर नमस्कार करून निघा.

दुसऱ्या भेटीला बंदूक न्या आणि गप्प राहा. परवाना पाहण्याआधी त्याने बंदूक हातात घेतली का? घेतल्यावर पहिलं काम ती उघडून रिकामी आहे याची खात्री करण्याचं केलं का? नळीखालचे शिक्के त्याने वाचले, की नुसती नक्षी पाहून "वाह साहब, असली विलायती" म्हणाला? एका मिस्त्रीने ग्रीनर या इंग्रजी कंपनीची दुनळी उलटीपालटी करून, भिंग लावून शिक्के वाचले आणि पाच मिनिटांनी एवढंच म्हटलं, "पॉलिश मत कराइए, बाकी देख लेंगे." त्या वाक्यावर मी त्याच्याकडे बंदूक सोपवली असती, तो दरही नंतरच बोलला.

विचारायचे प्रश्न, आणि नकार

काळेपणा, म्हणजे ब्लूइंग, कसं कराल? दुनळीसाठी या प्रश्नाइतका उपयोगी प्रश्न दुसरा नाही. आजकाल सर्रास होतं ते कॉस्टिकच्या उकळत्या द्रावणातलं गरम ब्लूइंग. एकनळी रायफलीला ते चालतं. पण दुनळीच्या पट्ट्या मऊ झाळीने जोडलेल्या असतात आणि कॉस्टिक ती झाळ खातं. आज चकचकीत दिसलेली बंदूक काही दिवसांनी पट्ट्या सोडू लागते. दुनळीला रस्ट ब्लूइंगच हवं : द्रावण लावायचं, गंज चढू द्यायचा, पाण्यात उकळायचं, तारेच्या ब्रशने खरवडायचं, आणि हे पुन्हा पुन्हा. त्याला दिवस लागतात. "परसों ले जाना" म्हणणारा दुनळीचं काम जाणत नाही.

त्याही आधी पॉलिश. बफवर धरलेली बंदूक छान चमकते, पण कोरीवकाम बुजतं, कडा गोल होतात आणि नंबर पुसट होतो. ओळखनंबर खोडणं-बदलणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे, आणि ज्याच्याकडे तसं शस्त्र सापडेल त्यालाच जाब द्यावा लागतो. म्हणून नंबर आणि प्रूफच्या शिक्क्यांना बफ लावायचा नाही, हे लेखी घ्या.

कमानी, म्हणजे स्प्रिंग, तुटली तर काय करणार, हेही विचारा. साइडलॉकमधली इंग्रजी व्ही आकाराची कमानी बाजारात तयार मिळत नाही. ती पोलादातून घडवून, पाणी देऊन, पुन्हा नरम करून बसवावी लागते. जो स्वतः करतो तो जुन्या तुटलेल्या आणि नव्या कमानी काढून दाखवतो. जो करत नाही पण "कोलकात्याला पाठवीन" असं खरं सांगतो, तोही चालेल. आंतरराज्य न्यायचं तर तुमच्या परवान्यावरचं क्षेत्र आणि त्याचे कागद कसे होणार, एवढं त्याच्याकडून समजून घ्या.

रायफल असेल तर हेडस्पेस मोजायची गेज आहेत का, हे पाहा. "अंदाज से" हे उत्तर इथे चालत नाही.

आणि मग एक परीक्षा. मुद्दाम विचारा : "याचं चेंबर वाढवून ७० चं काडतूस घालता येईल का? नळी चार इंच कापता येईल का? जुन्या बोअरचं काडतूस मिळत नाही, तर नळी बदलून ३१५ करून द्याल का?" चेंबर वाढवणं म्हणजे भिंत पातळ करून जुना प्रूफ निरर्थक करणं. नळी आखूड करायला कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. बोअर बदलला तर परवान्यावरची बंदूक आणि हातातली बंदूक एक राहत नाही. तिन्हींना नाही म्हणणारा माणूस मिळाला की शोध बराचसा संपला. पैशासाठी हो म्हणणारा दुसऱ्या कामातही हो म्हणेल.

दस्ता : इथे खरं माप घेतलं जातं

दुनळीत नातवाला हौस पुरवता येते ती इथेच. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं माप साधारण १४ ते साडेचौदा इंच असतं. आजोबा पाच फूट पाच आणि नातू सहा फुटी असला की बंदूक आखूड पडते. गनस्मिथने तुम्हाला कोट-स्वेटर घालून बंदूक खांद्याला लावायला सांगावं, डोळे मिटून लावून मग उघडायला सांगावं, आणि तेव्हा माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) डोळ्यासमोर येते का ते पाहावं. नुसती टेप लावून माप घेणारा सुतार असतो.

लांबी वाढवायला रबरी पॅड किंवा अक्रोडाच्या लाकडाचा जोड पुरतो, आणि तो पुढे काढताही येतो. दस्ता कापला तर परत जोडता येत नाही. सबंध नवा दस्ता हवाच असेल तर वाळलेलं अक्रोड मागा. शिसवी दिसायला देखणी पण जड, दुनळीचा तोल मागे जातो. मनगटाशी, जिथे दस्ता सगळ्यांत बारीक असतो, तिथे तडा असेल तर आतून पिन घालून इपॉक्सीने सांधणं योग्य. वरून पितळी तार गुंडाळून देणाऱ्याला दुसरं काही येत नाही असं समजा.

पॉलिशबद्दल लोक फारच बेफिकीर असतात. फर्निचरवाल्याकडचं मेलामाइन दस्त्यावर काचेसारखं बसतं, ओरखडा पडला की पापुद्रा निघतो, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात आक्रसणारं लाकूड पावसाळ्यात फुगलं की तेच तडकतं. जवसाच्या उकळलेल्या तेलाचे पातळ हात, मधे वाळू देऊन, तळव्याने चोळून. एवढं पुरे.

सोपवताना आणि परत घेताना

घरून निघण्याआधी बंदुकीचे दोन्ही बाजूंनी, नंबरचे आणि स्क्रूंच्या खाचांचे फोटो काढा. परवाना सोबत ठेवा. भाच्याला पाठवायचं असेल तर कलम ३ मध्ये त्याची सोय आहे : परवानाधारकासमक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला दुरुस्तीसाठी शस्त्र नेता येतं. अधिकारपत्र खरोखर लिहून द्या, फोनवरचं "मी सांगितलंय" चालत नाही. काडतुसं सोबत नेऊ नका.

पावतीवर नंबर, बोअर, काम, अंदाजे खर्च, आगाऊ रक्कम आणि तारीख असावी, आणि "बदललेले जुने भाग परत" ही ओळही. निवडणुकीच्या काळात आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. डीलरांची दुकानं भरतात आणि बारीक कामं मागे पडतात. चार महिने इकडे-तिकडे बघून द्या.

परत घेताना चाचणी कुठे केली ते विचारा. "छत पर" असं उत्तर आलं तर पुढच्या वेळी दुसरा माणूस शोधा. मग तिथेच, त्याच्यासमोर, नळ्या टांगून वाजवा, उजेडात आत पाहा, फोटोतले स्क्रू आणि हातातले स्क्रू ताडा, जुने भाग मोजून घ्या, नंबर वाचा. डमी काडतुसं घालून दोन्ही चाप, सेफ्टी आणि इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) चालवून पाहा. चाप नको तितका हलका झाला असेल तर तिथल्या तिथे परत द्या. बंदूक दणकन आपटून बंद केल्यावर घोडा आपोआप पडता कामा नये.

घरी आल्यावर चामडी पेटीत बंद करून ठेवू नका, चामडं आणि आतली लोकर ओल धरतात. कुलपाच्या कपाटात, पातळ तेल लावून, नळ्यांची तोंडं खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरणार नाही. पावसाळ्यात दर पंधरवड्याला एकदा पुसायची. परवान्याची मुदत आता ५ वर्षांची असते. नूतनीकरणाची तारीख पावतीच्या मागेच लिहून ठेवा आणि ती पावती कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.